पांढऱ्या पातळाच्या आत

आमच्या घरात आतले कपडे हा प्रकारच नव्हता. बाहेरचेच पुरत नव्हते. दुष्काळाच्या सालात माझ्या मायकडं एकच लुगडं होतं. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आली की ती नदीच्या कोरड्या पात्रात उकरलेल्या झिऱ्यावर जायची. अर्धं लुगडं अंगाला गुंडाळून उरलेलं अर्धं धुवायची, ते उन्हात धरून वाळवायची, मग वाळलेलं अंगावर ओढून राहिलेलं धुवायची. मी काठावर उभी राहून कोणी येतंय का ते बघायची. कोणी दिसलं की मी खोकायचं, असं आमचं ठरलेलं. त्या वर्षी मी इतकी खोकले की आत्याला वाटलं मला क्षय झालाय. आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडंच होती. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं.

कामावर मजुरांना सुकडी, भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे. तिचं पीठ परदेशातून जाड, पांढुरक्या कापडी पिशव्यांतून यायचं. मायनं मुकादमाच्या हातापाया पडून एक रिकामी पिशवी मिळवली आणि तिच्यातून माझ्यासाठी दोन चड्ड्या शिवल्या. माझ्या आयुष्यातला पहिला आतला कपडा तो. त्याच्या मागच्या बाजूला निळी इंग्रजी अक्षरं होती. धुऊन धुऊन कापड विरलं, पण अक्षरं गेली नाहीत. शाळेत पोरी फ्रॉक वर उचलून वाचायचा प्रयत्न करायच्या. कोणालाच वाचता यायचं नाही, मलाही नाही.

आठवीत गेल्यावर मला इंग्रजी वाचता येऊ लागलं. तोवर ती चड्डी चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं झाली होती. एका सकाळी भाकरीचा तवा उतरवताना मी सहज एकेक अक्षर जुळवत गेले आणि तव्यासकट थांबले. तिथं लिहिलं होतं: विकू नये, बदलून घेऊ नये. दोन वर्षं मी हे पाठीमागं घेऊन गावभर हिंडले होते! मी मायला अर्थ सांगितला. ती भाकरी थापत म्हणाली, "खरंच हाय की मग. आपण कुठं इकलं?"

पुढं मी नांदेडला वसतिगृहात राहून बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि आमच्या गल्लीतही पहिलीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्याच्याशी त्याचा संबंध आहे. वसतिगृहाच्या दोरीवर पोरी टॉवेलाखाली लपवून काय वाळत घालतात ते मी तिथं पाहिलं. मी स्वतः आबांच्या जुन्या धोतराची हातानं शिवलेली घट्ट बंडी घालायची. तिच्यावर जाड झंपर घातलं की निभायचं. त्यापुढं मी कधी गेले नाही.

लातूर जिल्हा झाला त्या साली माझं लग्न ठरलं. मुलगा उदगीरचा. नव्या कलेक्टर कचेरीत नवी भरती झाली, तीत तो कारकून म्हणून लागला होता. उदगीरची माणसं तेव्हा भेटली की आधी हेच बोलायची: आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले, आता आपण लातूरचे. बघायच्या कार्यक्रमात सासरे अर्धा वेळ जिल्ह्याबद्दलच बोलले. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. मला फक्त त्याचे कान नीट दिसले.

लग्न धम्माच्या रीतीनं, म्हणजे नवरीला पांढरं पातळ. आणि इथंच मायनं धास्ती घेतली.

त्याला कारण होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं होतं, तेही पांढऱ्या पातळात. आत तिनं घरात होता तो लाल परकर घातला होता आणि झंपराच्या आत काहीच नव्हतं, कारण आमच्यात कोणीच काही घालत नसे. बाजेवर पातळ छान पांढरं दिसत होतं. पण ती मंचावर उभी राहिली आणि तिच्या मागं गॅसबत्ती टांगलेली. पातळ गुलाबी झालं. पाय दिसले, पायांच्या मधली जागा दिसली, वरचंही दिसलं. पंचशील चालू असताना पोराकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक जण मोठ्यानं म्हणाली, "आमी पांढरी नवरी इचारली व्हती, ही गुलाबी कुठून आली?" त्या बहिणीला सासरी अजून 'गुलाबी' म्हणतात. तिच्या लेकराबाळांसमोर म्हणतात.

मायनं तेव्हाच मनात धरलं होतं. आबांनी माझ्यासाठी पातळ आणलं तेव्हा तिनं ते ओट्यावर उन्हात नेलं, घडीत हात घातला आणि बोटं पसरली. पाची बोटं दिसली. बोटातली पितळेची अंगठीसुद्धा.

"हात दिसला म्हंजी अंग दिसंल," ती म्हणाली.

"दुसरं आणू?" आबांनी विचारलं.

"दुसरं कुठलं आणता? समदे असलेच असतेत. आतून भक्कम पायजे."

शेजारच्या वाड्यातली एक बाई, शेतकऱ्याच्या घरची, मायशी बरं बोलणारी, तेवढ्यात ताक घेऊन आली. ओट्यावरचं पातळ बघून तिनं लोटा खालीच ठेवला. "अगं, नवरीला पांढरं? हे तर मढ्यावर घालायचं कापड. पोरीचं काही बरंवाईट झालं म्हंजी?"

आत्या आतून ओरडली, "तुमच्यात मढ्यावर घालतेत, आमच्यात नवरीवर. ताक ठेवा आन् जा."

हे बोलणं लक्षात ठेवा. मी तेव्हा हसले होते.

लग्नाला आठवडा राहिला असताना माय आणि मी नांदेडला गेलो. परकर लगेच मिळाला, पांढरा, जाड. पण वरच्या कपड्यासाठी माय एकेका दुकानाच्या पायरीपर्यंत जायची, आत गडी माणूस बसलेला बघायची आणि परत फिरायची. सगळ्याच दुकानांत गडी माणसंच बसलेली. शेवटी उन्हानं जीव गेला म्हणून एका होजिअरीच्या दुकानात आम्ही शिरलो.

"काय दाखवू, मावशी?" दुकानदारानं विचारलं.

"आतलं," माय म्हणाली.

"आतलं म्हणजे?"

"लेकीचं लगन हाय."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, मग वळून पोटमाळ्याकडं तोंड करून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "बॉडी टाक रे खाली! पांढऱ्या!"

मी गल्ल्याच्या लाकडाकडं बघत राहिले. मायचं मात्र दुसऱ्याच गोष्टीकडं लक्ष गेलं होतं. ती हळूच मला म्हणाली, "बॉडी म्हंतेत व्हय हिला?"

वरून पुठ्ठ्याचे डबे आले. दुकानदारानं झाकण उघडलं. "नंबर काय?"

मायनं पदर सावरला. तिची मान ताठ झाली. "सेकंड क्लास," ती म्हणाली. "बी.ए. हाय. नांदेडलाच शिकली."

शेजारी एक गृहस्थ बनियन बघत होते. त्यांनी बनियन तोंडाला लावलं. दुकानदार मात्र हसला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. तो म्हणाला, "तो नंबर न्हाई, मावशी. माप, माप. बत्तीस, चौतीस, छत्तीस?"

"छत्तीस?" माय दचकली. "एकविसावं लागलंय तिला. थोराड दिसती एवढंच."

मला बोलता आलं असतं. कॉलेजात मी वादविवाद स्पर्धेत बोललेली पोरगी. पण मलाही माझं माप ठाऊक नव्हतं, कारण अंगाला टेप लावलेलीच नव्हती. मी मान वर केली आणि समोरच्या पाटीकडं बघितलं. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: आतले कपडे विकल्यावर बदलून मिळणार नाहीत.

मी थिजलेच. तीच निळी अक्षरं आता लाल होऊन माझ्यासमोर टांगलेली होती. मायला मी पाटी वाचून दाखवली. ती उठली. "मापाबिगर घ्यायचं आन् बदलूनबी द्यायचं न्हाई? चल."

स्टँडपर्यंत ती एकच शब्द बोलत होती. "बॉडी. बॉडी. कसं सुटसुटीत नाव हाय बघ. आपून उगंच आतलं, वरलं, कसलं कसलं म्हणायलाव. हे चारचौघांत बोललं तरी काय व्हायचं न्हाई. इंग्रजी हाय, कोणाला कळायलंय?"

तिनं ठरवलं की आज नांदेडलाच माझ्या मावशीकडं राहायचं, रात्रीत माप काढायचं आणि सकाळी घेऊनच गावी जायचं. आबांना निरोप धाडायला हवा होता. नांदेडहून उदगीरला जाणारी गाडी नायगावच्या अलीकडं आमच्या फाट्यावर थांबायची. माय त्या गाडीच्या कंडक्टरकडं गेली. मी नळावर पाण्याला गेले होते. तिथून मला एवढंच दिसलं की कंडक्टरनं ऐकता ऐकता डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले.

ते बोलणं मला नंतर त्या कंडक्टरनंच सांगितलं, पण त्याची जागा इथंच आहे. माय म्हणाली होती, "भाऊ, आमच्या फाट्यावर चहाच्या हाटेलात सांगा. पोरीच्या बापाला म्हणावं, पोरीची बॉडी आज मिळाली न्हाई. उद्या मिळंल. आमी बॉडी घेऊनच येताव. लगनाचं बाकी समदं तयार ठेवा म्हणावं, आता कशाला थांबायचं न्हाई."

परत आल्यावर माय मला म्हणाली, "लई मायाळू माणूस. 'मावशी, धीर धरा' म्हणला. मी म्हणलं, धीरच धरलाय बाबा, सकाळधरून हिंडायलाव."

मावशीचा नवरा रेल्वेत गँगमन होता. त्यांची एक खोली. नवऱ्याला बाहेर बसवून मावशीनं दार लावलं आणि कपडे शिवायचा जाड दोरा काढला. तो माझ्या छातीभोवती गुंडाळून जिथं टोक आलं तिथं गाठ मारली. गावाकडं बांगड्यांचं माप असंच पाठवतात. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी हसत सुटले. माय चिडली, "हसू नको, माप वाढतंय." मग तिनं मला चुलीवरचं बघायला पाठवलं. मी वरण ढवळत असताना त्या दोघी पाठीमागं बराच वेळ कुजबुजत होत्या. मला वाटलं, माझ्या लग्नाचं बोलणं असेल.

सकाळी मायनं मला दुकानाच्या बाहेर थांबवलं. "तू आत आली की तुझं तोंड पडतंय, आन् मग माझं." ती दोरा हातात घेऊन एकटी आत गेली. मोठ्यानं म्हणाली, "बॉडी द्या. ह्या मापाची. पांढरी." बाहेर येताना तिच्या हातात कागदी पुडा होता, सुतळीनं बांधलेला. तिनं तो पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. अशी चालत होती की जणू तिनं डिग्री घेतली.

गाडीत आम्हाला पुढची सीट मिळाली. हा कंडक्टर वेगळा होता. फाट्याचं तिकीट मागितलं तेव्हा तो म्हणाला, "आज तिथं लई गर्दी हाय, मावशी. कुण्या पोरीची मयत यायलीय नांदेडहून. लगन तोंडावर आलतं म्हंतेत."

मायनं तोंडावर हात ठेवला. "अगं माय! कोणाची लेक असंल?" आणि मग फाट्यापर्यंत ती डोळे पुसत राहिली. "आपल्या पोरीएवढीच असंल गं. कसं त्या माऊलीनं सोसावं?" मी तिचा हात धरला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या भागातली कॉलेजची कोणी असेल म्हणून मी एकेक चेहरा आठवत होते.

आम्ही उतरलो. हॉटेलातला माणूस किटली घेऊन उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि किटली त्याच्या हातातून सुटली. आम्हाला वाटलं, भाजला. माय त्याला म्हणाली, "पाणी ओत, पाणी." तो मागं मागं सरकत गेला.

घराकडं वळलो. आमच्या दारात मांडव घालायला बांबू आणून ठेवले होते. त्यातले दोन गायब होते. लग्नाच्या जेवणासाठी आबांनी महिनाभर फोडून रचलेली लाकडं बैलगाडीत भरलेली होती. दारात बायका दाटून बसल्या होत्या. आणि त्यांच्या मधोमध, त्या दोन बांबूंच्या तिरडीवर, माझं पांढरं पातळ अंथरलेलं होतं. घरात दुसरं कोरं कापड नव्हतं ना.

मी ते पातळ काठावरून ओळखलं. कोणासाठी ते कळायला मला अजून वेळ लागला. काही क्षण मला खरोखर वाटलं की मी मेलेय आणि मला कोणी सांगितलं नाही.

माय पुढं झाली. रडक्या आवाजात विचारलं, "काय झालं वं बाया? कोण गेलं आपलं?"

आत्यानं मान वर केली. मायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग ती किंचाळली. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही. मागोमाग सगळ्याच बायका उठल्या, लेकरं रडायला लागली, बैल बिथरले. फक्त आबा उठले नाहीत. ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि शेजारच्या माणसाला अगदी हळू विचारलं, "ही दिसायली का तुला बी?"

मी धावत जाऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझं डोकं चाचपलं, कान ओढले, मग माझा हात घट्ट धरून तसाच ठेवला. पुढचं सगळं बोलणं झालं ते माझा हात त्यांच्या मुठीत असताना.

तेव्हा मला उदगीरची माणसं दिसली. काल कंडक्टरनं निरोप सांगितला तो सगळ्या गाडीनं ऐकला होता. त्या गाडीतला एक माणूस माझ्या सासरच्या गल्लीतला निघाला. ते सगळे पहाटेच जीप करून आले होते. सासरे, सासू आणि तो. त्याचे डोळे सुजलेले होते. मला ह्याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला. एकदा पोहे खाताना बघितलेल्या मुलीसाठी हा माणूस रात्रभर रडला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बऱ्या आहात का?"

"बरी आहे," मी म्हणाले. "तुम्ही?"

"आता बराय," तो म्हणाला.

सासऱ्यांचा राग मात्र आता वर यायला लागला होता. माणूस जिवंत आहे म्हटल्यावर आधी आनंद होतो, मग आपण फसलो असं वाटतं. "हा काय खेळ लावलाय?" ते आबांना म्हणाले. "निरोप कोणी धाडला? आमच्या घरात रातभर चूल पेटली न्हाई. आमी मुलाला सुट्टी काढायला लावली, पाव्हण्यांना कळवलं."

"बॉडी घेऊन येताव म्हणून निरोप व्हता," आबा म्हणाले. त्यांनी मायकडं बघितलं. "तूच धाडलता का?"

माय उभीच होती. हातातली पिशवी तिनं पोटाशी धरली. तिला अजून कळत नव्हतं. "व्हय, मीच. आन् आणलीय की."

"काय आणलंय?" सासरे म्हणाले.

"बॉडी."

शेजारची ती ताकवाली बाई दोन पावलं मागं सरकली. सासऱ्यांनी पिशवीकडं बघितलं. "कोणाची बॉडी?"

तेव्हा कोणीतरी मायला सांगितलं की दवाखान्यात बॉडी कशाला म्हणतात. मी तिचा चेहरा बघत होते. आधी तो कोरा होता, मग पांढरा झाला, मग तिला तिरडी, लाकडं, पातळ सगळं एकदम दिसलं. ती मटकन खाली बसली. "माय गं, मी माझ्या लेकीला..."

"मग पिशवीत काय हाय, ते तर सांगा," सासरे म्हणाले. "का आमीच येडे?"

माय सांगू शकली नसती. सगळ्या गड्यांसमोर, व्याह्यासमोर, तो शब्द आता तिच्या तोंडून निघणार नव्हता, आणि दुसरा तर तिच्याकडं नव्हताच. ती गप्प राहिली तर लग्न मोडणार होतं. मला ते सासऱ्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं. आणि मोडलं असतं तर ते मायच्या माथी, जन्मभर.

मी आबांच्या मुठीतून हात सोडवला. मायच्या पिशवीत तळाशी हात घातला, पुडा काढला, सुतळी दातानं तोडली आणि तो कपडा बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला.

"ही बॉडी," मी म्हणाले. "पांढऱ्या पातळातून अंग दिसू नये म्हणून झंपराच्या आत घालायची. दुकानात हिला बॉडीच म्हणतात. तुम्हाला आमच्या नवरीला बघून हसायला मिळू नये म्हणून माझी माय दोन दिवस नांदेडात उन्हात फिरली."

गड्यांनी माना खाली घातल्या. सासरे बैलाकडं बघायला लागले. तेवढ्यात पुड्यातून दुसरी एक खाली पडली. पहिलीपेक्षा मोठी.

मी ती उचलली. ही कोणाची? मी मायकडं बघितलं. तिनं पदरानं सगळं तोंड झाकून घेतलं होतं. म्हणजे मावशीच्या दोऱ्याला दोन गाठी होत्या. मला वरणाकडं पाठवून त्यांनी दुसरी गाठ मारली होती. झिऱ्यावर अर्धं लुगडं गुंडाळून उभी राहणाऱ्या माझ्या मायनं, चाळिशी उलटल्यावर, स्वतःसाठी एक घेतली होती. तिथं झालेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच खरी वाटेना.

आत्या पुढं आली. डोळे अजून ओले, पण जीभ परत आली होती. "म्हंजी एक न्हाई, दोन बॉड्या आणल्या," ती म्हणाली. "आन् लाकडं एकाच गाडीत भरलेत मेल्यांनी!"

पहिल्यांदा कोण हसलं ते ठाऊक नाही. हसू आलं ते रडण्यासारखंच आलं.

सासरे मात्र हसले नाहीत. "ते असू द्या," ते म्हणाले. "पण तिरडीवर घातलेल्या पातळात नवरी उभी करायची का आता? लोक काय म्हणतील?"

ताकवाली बाई म्हणाली, "म्या तर आधीच सांगितलं व्हतं."

ह्याचं उत्तर आबा देतील असं मला वाटलं होतं. दिलं सासूनं. ती उठली, तिरडीपाशी गेली, पातळ उचललं, झटकलं. मग उन्हाकडं तोंड केलं, घडीत हात घातला आणि बोटं पसरली, अगदी मायनं केलं होतं तसंच. तिचीही पाची बोटं दिसली.

"शुभ-अशुभ आपून दीक्षा घेतली तवाच सोडलं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमाला चारचौघांत बोलण्यापुरतंच आठवतं का ते? पातळ चांगलं हाय. इहीणबाईचं खरं हाय, हे आतून भक्कमच पायजे. माझ्या वेळी कोणी इतकं बघितलं न्हाई." मग ती मायसमोर उकिडवी बसली आणि पदराच्या आत तोंड नेऊन विचारलं. पण मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

"मापाची मिळाली का?"

मायनं पदराआडून मान हलवली.

"मला बी सांगा मग दुकान कुठं हाय ते."

लाकडं त्याच गाडीतून परत उतरवली. बांबू मांडवाला लागले. पातळ आत्यानं परत धुतलं, ते अशुभ म्हणून नाही, लेकरांनी धुळीचे पाय दिले होते म्हणून. तो पहिला कंडक्टर संध्याकाळी मुद्दाम उतरला, माझ्या पाया पडायला लागला. मी त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं. तो आलाही.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. मायनं त्या दिवशी पहिल्यांदा लुगडं सोडून पांढरं पातळ नेसलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली. गॅसबत्ती आमच्या दोघींच्या मागंच टांगलेली होती. उदगीरच्या बायका निरखून बघत होत्या. पातळातून काही दिसलं नाही. माझ्याही नाही, मायच्याही नाही.